‘बिनप्लास्टर इलाजा’त गेलेले चार महिने

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावले आत आणि खाली वळलेली होती. घरात ग्रहणाचा विषय निघाला, माझ्याकडे बोट दाखवले गेले. परंतु प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ‘हा क्लबफूट आहे, सिव्हिलला दाखवा, प्लास्टरने सरळ होतो’ असे स्पष्ट सांगितले होते. एवढ्याशा बाळाला मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे, ही कल्पनाच आम्हाला सहन झाली नाही, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी पंचवटीतील एका मालीशवाल्याचे नाव सुचवले.

त्याने एकवीस बैठकांत पाय सरळ करण्याची हमी देऊन २८,००० रुपये आगाऊ घेतले, तेही रोख आणि पावतीविना. तेल चोळून तो पाऊल बोटांनी दाबून धरी, तेव्हा ते सरळ दिसे. सोडले की क्षणात पुन्हा आत वळे. बरे झालेल्या मुलांचे म्हणून दाखवलेल्या फोटोंपैकी एक त्याने मला पाठवला होता. त्यात तळव्याखालून पाऊल दाबून धरणारा मालीशवाल्याच्या हाताचा अंगठा स्पष्ट दिसतो, आणि तो मला चार महिने दिसला नाही.

अखेर सिव्हिलला गेलो. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विकसित केलेली पद्धत तेथील डॉक्टरांनी समजावली: दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवून नवे प्लास्टर, साधारण पाच-सहा वेळा, मग बहुतेक मुलांत टाचेमागची ताठर शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा) छोट्याशा छेदातून मोकळी करून तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. पाऊल मधेच जोराने वर दाबले तर तळवा फुगीर होऊ शकतो, हे ऐकताना मला त्या मालीशवाल्याचे हात आठवले. क्लबफूट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात समाविष्ट असल्यामुळे आम्हाला एकही रुपया पडला नाही.

पोलिसांत अर्ज दिला तेव्हा पुरावा म्हणून हाती तेवढा फोटो होता. मालीशवाल्याच्या खोलीला तोवर कुलूप लागले होते.

माझ्या मुलाची पावले आता सरळ आहेत. प्लास्टरनंतर घालायचे, दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास होते; आता फक्त झोपेत, पण चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. हे बूट सोडले की पाय पुन्हा वळण्याची भीती असते. अलीकडे बिनदांडीचे ‘हलके बूट’ मला दोनदा सुचवले गेले. ते घेऊ नका. पाय बाहेरच्या बाजूला धरून ठेवण्याचे काम ती दांडीच करते.