भाजलेल्यांसाठी काही करायचंय: पैसा कुठे, शनिवार कुठे

समजा, बोनसमधले वीस हजार बाजूला काढलेत, महिन्यातले दोन शनिवार मोकळे आहेत आणि भाजलेल्या माणसांसाठी काही करावं असं मनात आहे. पर्याय कमी नाहीत. व्हॉट्सअॅपवर फिरणारं एखाद्या मुलीचं आवाहन, सरकारी रुग्णालयाचा गरीब रुग्ण निधी, एखादी संस्था, वॉर्डातली स्वयंसेवा, त्वचादानाचा अर्ज. 'सगळंच चांगलं' हे उत्तर निवड करणाऱ्याच्या काही कामाचं नसतं, म्हणून इथे मी सरळ बाजू घेतली आहे.

केंद्र सरकारच्या जळीत प्रतिबंध कार्यक्रमाच्या कागदपत्रांत दरवर्षीचा अंदाज दिलेला आहे: भाजण्याच्या ७० लाख घटना, १ लाख ४० हजार मृत्यू आणि २ लाख ४० हजार जणांना अपंगत्व. आपली नजर मृत्यूच्या आकड्यावर थांबते. मदत कुठे द्यायची ते मात्र तिसऱ्या आकड्यावरून ठरवायला हवं. ही माणसं जगतात, घरी येतात आणि तिथून पुढे त्यांना विचारणारं फारसं कोणी नसतं.

पहिला महिना की पुढची दोन वर्षं

मोठं भाजलं की रुग्णालयातला मुक्काम ढोबळमानाने शरीराच्या भाजलेल्या भागाच्या दर टक्क्याला एक दिवस धरतात. चाळीस टक्के भाजलेला माणूस सव्वा-दीड महिना आत. या काळात नातेवाईक धावतात, ऑफिसात वर्गणी निघते, आवाहनं फिरतात. खासगी रुग्णालयाच्या जळीत विभागात तुमचे वीस हजार एक-दोन दिवसांत संपू शकतात. ते वाया गेले असं नाही, पण लाखांच्या बिलात त्यांचा मागमूस राहत नाही.

मग डिस्चार्ज मिळतो आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. खरं काम तिथे सुरू होतं. जखम भरली तरी व्रण वर्ष-दीड वर्ष जिवंत असतो. तो जाड होतो, ओढतो, रात्र-रात्र खाजतो. लक्ष दिलं नाही तर कोपर आखडतं, बोटं तळव्याकडे वळतात, हनुवटी छातीकडे खेचली जाते. हे टाळायला स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारा आधार), रोजचे व्यायाम, मालीश आणि मापाने शिवलेले घट्ट प्रेशर गारमेंट लागतात. हे कपडे दिवसाचे तेवीस तास घालायचे, तेही अनेक महिने, कधी दोन वर्षं. साधारण तीन महिन्यांत त्यांचा ताण सैल पडतो, मग नवा जोड. लहान मुलाच्या बाबतीत मूलही वाढतं, मापही बदलतं. विदर्भातल्या मे महिन्यात सात वर्षांच्या पोराला असा कपडा अंगात ठेवायला लावणं म्हणजे काय, ते त्याच्या आईलाच विचारावं.

गारमेंट सुटले, फेऱ्या चुकल्या की पुढे आखडलेला सांधा सोडवायची शस्त्रक्रिया येते. वाढत्या वयाच्या मुलांवर ती पुन्हा पुन्हा करावी लागते. फेऱ्या चुकण्याची कारणं साधी असतात. बीडहून किंवा वाशीमहून मुंबई-पुण्याला यायचं तर दोन माणसांचे दोन दिवस जातात. एसटीत बाईचं तिकीट अर्धं झालं, तरी सोबत येणाऱ्याची मजुरी बुडतेच. तोवर घरातलं सोनं गहाण पडलेलं असतं.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: पैसे पुढच्या दोन वर्षांसाठी द्या. त्याच वीस हजारांत एका मुलाचे वर्षभराचे गारमेंट आणि तपासणीच्या फेऱ्यांचं भाडं बऱ्याच अंशी निघतं. एकरकमी देण्यापेक्षा दरमहा दीड-दोन हजार दिलेले बरे, कारण ही गरजही महिन्या-महिन्याने येते.

पहिल्या महिन्यातच काही द्यायचं असेल, तर बिलात भर घालण्याऐवजी आजूबाजूच्या खर्चाकडे बघा. भाजलेल्या शरीराला प्रथिनं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतात. अंडी, दूध, प्रोटीन पावडर यांचा खर्च घरच्यांच्या खिशातून जातो. पॅसेजमध्ये चादर टाकून महिनाभर झोपणाऱ्या भावाच्या जेवणाचाही तसाच. आणि ग्राफ्टिंगच्या, म्हणजे जखमेवर त्वचा बसवण्याच्या, वेळी रक्त लागतं. ते द्यायला बोनसची वाट बघावी लागत नाही.

ओळखीचा रुग्ण, आवाहन की निधी

ओळखीतला रुग्ण असेल, तर पाकीट उघडण्याआधी एक चौकशी करा: योजनेत बसवलं का? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. अट एवढीच की रुग्णालय योजनेत हवं. तिथे बसणारा आरोग्यमित्र कागदपत्रांचं सांगतो. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याखेरीज मुख्यमंत्री सहायता निधी आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार घेऊन दोन दिवस या कार्यालयातून त्या कार्यालयात जाणारा माणूस वीस हजारांपेक्षा कितीतरी जास्त मिळवून देऊ शकतो. हातात पैसा कमी आणि कागद वाचायची सवय असलेल्यांनी हाच पर्याय धरावा.

ऑनलाइन आवाहनात वेग असतो, चेहरा असतो, म्हणून हात पटकन जातो. देण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. रुग्णालयाचं खर्चाचं पत्र आहे का. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात की व्यक्तीच्या. आणि रुग्ण दगावला तर शिल्लक कुठे जाणार. तिसरा प्रश्न विचारायला जड जातो, पण मोठ्या भाजण्यात जंतुसंसर्गाने मृत्यू दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही येतो. ज्या आवाहनात याचं उत्तर नाही, तिथे मी पैसे देत नाही.

गरीब रुग्ण निधी याच्या उलट. त्याला चेहरा नाही, फोटो नाही, आभाराचा संदेशही बहुधा नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत 'पुअर बॉक्स' निधी असतो. वॉर्डातल्या कोणत्या रुग्णाला आज नेमकं काय हवं हे तिथल्या समाजसेवा विभागाला ठाऊक असतं. कोणाचाही फोटो न बघता देता येत असेल, तर हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. फक्त डिस्चार्जनंतरच्या वर्षांपर्यंत तो क्वचितच पोचतो. तिथे संस्था लागते.

संस्था निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विचारा, 'दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेले रुग्ण आज कुठे आहेत?' ज्यांना उत्तर देता येतं, ते काम करतात. बंगळुरूची 'अग्नि रक्षा' पाहा. डॉ. प्रेमा धनराज आठ वर्षांच्या असताना स्टोव्हच्या स्फोटात भाजल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांच्यावर उपचार झाले आणि पुढे तिथल्याच प्लास्टिक सर्जरी विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. १९९९मध्ये त्यांनी ही संस्था काढली; २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चेन्नईची 'पीसीव्हीसी' मुळात घरगुती हिंसेवर काम करणारी. ती किल्पॉक वैद्यकीय महाविद्यालयाच्या जळीत वॉर्डात बायकांना गाठते आणि पुढेही सोबत राहते. तुमच्या शहरातली संस्था याच मापाने मोजा.

करसवलतीचं थोडक्यात: देणगीच्या वजावटीची, म्हणजे '८०जी' म्हणून ओळखली जाणारी पावती घ्या, रोख दोन हजारांवर देऊ नका. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही, तेव्हा तो हिशेब डोक्यातून काढून टाका.

शनिवार: वॉर्डात की घरी

वॉर्ड ऐकायला मोठं काम वाटतं. प्रत्यक्षात जळीत विभागात बाहेरच्या माणसाला मोजकाच प्रवेश असतो आणि तसाच असावा. तुमची सर्दी त्यांना महागात पडू शकते. ड्रेसिंगच्या वेळचं ओरडणं आणि तो वास पहिल्या दिवशी अनेकांना झेपत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्वयंसेवकाचं खरं काम दाराबाहेर असतं. औषधाच्या दुकानात जाणं, नातेवाइकाला जेवायला पाठवून त्याच्या जागी थांबणं, आईबरोबर आलेल्या धाकट्या भावंडाला दोन तास खेळवणं.

वॉर्डात एक पथ्य काटेकोर पाळावं लागतं: 'कसं झालं?' असं विचारायचं नाही. लॅन्सेटमध्ये २००९ साली आलेल्या अभ्यासानुसार २००१मध्ये भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले. त्यातल्या १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या आणि बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. स्वयंपाकघर तर सगळ्या वयांच्या बायकांचं असतं, मग मरतात त्या तरुण का? 'स्टोव्हचा भडका उडाला' या वाक्यामागे काय आहे हे खाटेशी बसलेली सासू सांगणार नाही आणि तिच्यादेखत सूनही नाही. हे पोलीस केसचे रुग्ण असतात. जबाब, मृत्युपूर्व जबाब या गोष्टी न्यायालयात तोलल्या जातात. हौसेने विचारलेला प्रश्न तिथे घोळ करू शकतो. ती आपणहून काही बोलली, तर ऐका आणि समाजसेवा अधीक्षकांना कळवा. मुंबईत रुग्णालयांतली 'दिलासा' केंद्रं घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांच्या मदतीसाठीच आहेत. पहिलं २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि महापालिकेने मिळून सुरू केलं.

घरी जाणाऱ्या स्वयंसेवकाला यातलं नाट्य मिळत नाही. तपासणीला सोबत जायचं, व्यायाम होतात का बघायचं, मुलगी पुन्हा शाळेत जायच्या आधी वर्गशिक्षिकेशी बोलून यायचं. बँकेत जायचं. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण भाजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, रेशन अडतं, आणि पापणी मिटता येत नसेल तर मोबाइलवरचं केवायसी 'डोळे मिचकावा' म्हणत अडून बसतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसी अशा नागरिकांनाही करता येईल असं असावं, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. शाखेतल्या काउंटरवर तो निकाल माहीत असलेला माणूस सोबत असणं, हेही शनिवारचं कामच.

वर्षभर टिकणार असाल तर घर निवडा. चार महिन्यांत बदली व्हायची शक्यता असेल तर वॉर्डाबाहेरचं काम घ्या. लळा लावून मध्येच जाणारा माणूस या मुलांना नको.

तुम्ही स्वतः भाजण्यातून गेलेले असाल, तर मात्र वॉर्डात तुमची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे. अमेरिकेतली 'फिनिक्स सोसायटी' १९७७पासून हे काम करते. 'सोअर' नावाच्या तिच्या कार्यक्रमात बरे झालेल्यांना प्रशिक्षण देऊन नव्या रुग्णांना भेटायला पाठवतात. प्रशिक्षणावरचा भर महत्त्वाचा. स्वतःचं दुःख ताजं असताना दुसऱ्याच्या खाटेशी बसू नये.

अॅसिड हल्ला की साधं भाजणं

हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पण देणग्यांचा ओघ पाहिला की उत्तर दिसतं. गुन्हे नोंदणीत अॅसिड हल्ले वर्षाला दोनशेच्या आसपास असतात. त्यांच्यासाठी २०१३च्या लक्ष्मी खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने किमान तीन लाखांची भरपाई ठरली, महाराष्ट्रात अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना आली, २०१६च्या दिव्यांग कायद्यात स्वतंत्र वर्ग मिळाला. हे सगळं झगडून मिळालेलं आहे आणि अजूनही वेळेवर हातात पडत नाही, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठपुरावा करणारा माणूस तिथेही हवाच. पण गॅसच्या भडक्यात हात आखडलेल्या पोळी-भाजी केंद्रातल्या बाईसाठी तसा वर्ग नाही. तिला हालचालींच्या अपंगत्वाच्या टक्केवारीत बसावं लागतं. पैसा अॅसिडग्रस्तांसाठीच द्यायचा मनात असेल तर जरूर द्या. ठरलं नसेल, तर माझं मत त्या बाईच्या बाजूने.

त्वचादान

याची इतर पर्यायांशी स्पर्धा नाही, कारण पैसाही लागत नाही आणि शनिवारही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घेतात, मांड्या, पाय आणि पाठीवरून, तीही वरचा पातळ थर. रक्तगट जुळवावा लागत नाही, नेत्रदानाबरोबर करता येतं. ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते. मुंबईत सायन रुग्णालयात २०००पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. ही त्वचा कायमची बसत नाही. निम्म्याहून जास्त भाजलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःची त्वचा घ्यायला जागा उरत नाही, तेव्हा दोन-तीन आठवडे ती झाकण म्हणून राहते आणि तेवढ्यात जीव वाचू शकतो. अर्ज भरून कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. फोन घरच्यांनाच करायचा असतो, आणि आपल्याकडे सहा तासांत तिरडी बांधून होते.

परदेशातून

भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी घेण्यासाठीची, नोंदणी हवी. नसेल तर पुण्यातल्या भावाच्या खात्यातून फिरवून देण्याची युक्ती करू नका. गोत्यात संस्था येते.

आणि नोकरी

ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, त्यांनी वीस हजार आणि शनिवार दोन्ही विसरून भाजण्यातून गेलेल्या एका माणसाला नोकरी द्यावी. वरच्या कुठल्याही पर्यायापेक्षा हा सरस आहे आणि सर्वांत कमी लोक तो निवडतात. काही गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. शस्त्रक्रियेसाठी मधूनमधून रजा लागेल. ग्राफ्ट केलेल्या त्वचेला घाम येत नाही, म्हणून भट्टीजवळचं किंवा उन्हातलं काम नको. आणि काउंटरवर बसायचं की आतल्या खोलीत, हे मालकाने परस्पर ठरवू नये, त्या माणसालाच विचारावं.