काच शाबूत, झाकण तुटलं : काचेचे डबे आणि रविवारची तयारी, दिवाळीपासूनचा अनुभव

मध्यंतरी आणखी एका झाकणाची क्लिप तुटून हातात आली. डब्याच्या काचेवर साधा ओरखडा नाही, पण झाकण लागत नसेल तर तो डबा फ्रीजमध्ये काय कामाचा? दिवाळीच्या सवलतीत 1,600 रुपयांना हा सहा डब्यांचा संच घेतला. रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवायची आणि घरखर्च खाली आणायचा, एवढ्यासाठीच.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. आत्यांना म्हणजे सासूबाईंना शुगर, ह्यांना बीपी, मुलगा कॉलेजात आणि आम्ही दोघंही नोकरीवर. संध्याकाळी दमून आलं की पार्सल यायचं, ते आत्यांना चालायचं नाही, मग त्यांच्यासाठी पुन्हा गॅस पेटवायचा. ते पार्सल आता जवळजवळ बंद आहे. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास वाचतात, हे खर्चाच्या वहीवरून सांगतेय. त्यामुळे रविवारची तयारी मी सोडणार नाही. राग आहे तो झाकणावर.

पहिले काही आठवडे भाज्या शिजवूनच ठेवल्या. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांपुढे ठेवायचं नसतं, म्हणजे गुरुवार-शुक्रवारचा प्रश्न तसाच राहायचा. शिवाय बुधवारच्या वांग्याला चव राहत नाही. म्हणून आता अर्धी तयारी करते. मटकी आणि हुलगे शनिवारी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधले की रविवारी रात्रीपर्यंत मोड येतात. हुलग्यांना थंडीत एक दिवस जास्त लागतो. कांदा-खोबरं भाजून वाटण करते आणि एका वेळेला लागेल एवढे गोळे फ्रीझरमध्ये टाकते. मेथी निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवते. शाळूच्या भाकऱ्या मात्र रोज ताज्या. कणीकही मळून ठेवत नाही, ती काळी पडते आणि आत्या ते पानात घेत नाहीत.

माहेर साताऱ्याच्या कोरेगावकडचं, वाघ्या घेवडा (राजम्यासारखं कडधान्य) तिकडचाच, त्यामुळे तो घरात असतोच. तो रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं आणि कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. तयारीच्या नावाखाली घेवडा अर्धकच्चा ठेवू नका. त्यात लेक्टिन असतं, नीट उकळल्याशिवाय ते जात नाही, आणि मग उलट्या-जुलाब होतात. शिजलेला घेवडा मी दोन भागांत ठेवते, एक बुधवारपर्यंत संपवायचा आणि दुसरा फ्रीझरमध्ये.

मिठाचं आमच्या घरी सगळ्यात महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्याकडच्या कांदा-लसूण चटणीत आधीच मीठ असतं, वर आमटीत वेगळं पडतं. आता वाटणात आणि उसळीच्या तयारीत मीठ अजिबात घालत नाही, फोडणीला टाकतानाच घालते आणि चटणीचा अंदाज घेऊन निम्मं घालते. ह्यांचं वेगळं शिजवायची गरज उरली नाही. यंदा उन्हाळ्यात चटणी कुटून आणली तेव्हा किलोभर बिनमिठाची करून घेतली. मीठ नसलं की ती बाहेर टिकत नाही, म्हणून फ्रीजमध्येच ठेवली आहे. आत्यांच्या पानात भाकरी एकच, उसळ भरपूर आणि काकडी. त्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते आता रोज होतं, कारण उसळ तयार असते.

आता झाकण. चारही बाजूंनी खाली दुमडणाऱ्या क्लिपा असतात ते तुम्हाला माहीत असेल. ती क्लिप झाकणाला जोडलेली असते एका पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने, आणि सगळा जोर त्या पट्टीवर येतो. हे प्लॅस्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं आणि ते शून्य अंशाच्या आसपास आणि त्याखाली ठिसूळ होतं. फ्रीझरमधला वाटणाचा डबा काढून लगेच क्लिप उघडली की तडकलीच म्हणून समजा. डब्यावर ‘फ्रीझरसाठी योग्य’ असं छापलेलं आहे. काच योग्य असेल हो, पण झाकणाशिवाय काच फ्रीझरमध्ये कोण ठेवतं?

ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं की वॉरंटी काचेला आहे, झाकणाला नाही, सुटं झाकण आम्ही विकत नाही, नवीन संच घ्या. म्हणजे बोटभर प्लॅस्टिकसाठी धडधाकट काच कचऱ्यात टाकायची आणि पुन्हा 1,600 मोजायचे. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल आणि तुटलेल्या क्लिपेचे फोटो जोडले. त्यानंतर कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि दोन झाकणं घरपोच आली, फुकट. सुटी झाकणं त्यांच्याकडे होती तर! या संचाला मी आधी रेटिंगचा एकच तारा देणार होते, झाकणं आल्यावर दोन केले. तिसरा देणार नाही, कारण तक्रार केल्याशिवाय ती दिली नाहीत.

झाकणाची रबरी रिंग मात्र चांगली निघाली. खाचेत तेल आणि मसाला जाऊन बसतो, म्हणून दर रविवारी चमच्याच्या दांड्याने ती बाहेर काढायची, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची. नाहीतर आत काळी बुरशी धरते. हळदीने रिंग पिवळीधमक होते, आणि आमच्या सांगलीच्या हळदीचा रंग काही घासून जात नाही. पण गच्चीवर उन्हात ठेवली की एक-दोन दिवसांत पिवळेपणा उतरतो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. हे कळल्यापासून डागांची काळजी संपली.

दरम्यान गणपती पेठेजवळ भांड्यांच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाले, “वैनी, क्लिपांच्या भानगडीत पडू नका, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या.” तीन आणले. वाटण आणि घेवडा आता स्टीलमध्येच फ्रीझरला जातात. आतलं दिसत नाही, म्हणून कागदी चिकटपट्टीवर नाव आणि वार लिहिते. काचेचे डबे खालच्या कप्प्यात, मोड आलेली कडधान्यं आणि चिरलेल्या भाज्यांसाठी. तिथे वापरायला लागल्यापासून एकही क्लिप तुटलेली नाही.

तरीही काचेचा संच घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, याचं झाकण सुटं मिळतं का आणि केवढ्याला. वॉरंटी कार्डावर झाकणाचा उल्लेख आहे का तेही तिथेच वाचा, आणि बिल जपून ठेवा. चौघांच्या घराला सहा डब्यांची गरज नाही, लिटरभराचे दोन आणि अर्ध्या लिटरचे दोन पुरतात.