मठांच्या काचतुकड्यांसाठी हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र
इंग्लंडमधील मठ १५३६ ते १५४० या काळात बरखास्त झाले आणि त्यांच्या खिडक्यांतील रंगीत काच फुटून मातीत गेली. अशा तुकड्यांचा काळ ठरवताना हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरण टाकून वस्तूतील मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र, उपयोगी पडते, पण एका मर्यादेपर्यंतच. तुकड्याला धक्का न लावता ते स्ट्रॉन्शियम, रुबिडियम यांचे प्रमाण दाखवते, त्यामुळे झाडांच्या राखेपासून केलेली मध्ययुगीन पोटॅश काच आणि सुमारे १७०० नंतरची, सागरी शेवाळाच्या राखेची, स्ट्रॉन्शियम अधिक असलेली काच सहज वेगळी काढता येते. सोडियम मात्र त्याला जवळजवळ दिसत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, पुरलेल्या काचेच्या पृष्ठभागातून पोटॅशियम झिरपून गेलेले असते आणि यंत्र नेमका तोच झिजलेला थर मोजते. ताजी मोडलेली कडा मिळाली तरच आकड्यांवर विश्वास ठेवावा. तेराव्या आणि पंधराव्या शतकांतील काचेत फरक करायचा असेल, तर चित्रणाची शैलीच पाहावी लागते. चांदीच्या संयुगाने भाजून आणलेला पिवळा रंग दिसला, तर तुकडा साधारणपणे १३०० नंतरचा समजावा, आणि त्यासाठी साधे भिंग पुरते. एकाच उत्खननापुरते काम असेल, तर हे महागडे यंत्र विकत न घेता भाड्याने घ्यावे.