'सिव्हिलायझेशन सहा'मधले राजे : दिसणे आणि वागणे

वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात निघणाऱ्या चित्ररथ मिरवणुकीसाठी आमच्या गल्लीतल्या मंडळाची वेशभूषा आणि रंगभूषा मी गेली अनेक वर्षे सांभाळतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभारलेला आमचा देखावा मारुती गल्लीच्या तोंडाशी जेमतेम दोन मिनिटे थांबतो, जनरेटरच्या घरघरीत संवाद अर्धेच ऐकू येतात, उकाड्याने गोंद सुटून दाढी एका बाजूने लोंबू लागते, आणि तेवढ्यात मागच्या रांगेत टाचा उंचावून पाहणाऱ्या माणसाला हा अफजलखान की शाहिस्तेखान हे कळावे लागते. त्यामुळे बारावीची परीक्षा संपल्यावर भाचीने हट्ट धरून 'सिव्हिलायझेशन सहा' हा संगणकावरचा खेळ घेतला, तेव्हा नकाशा, शहरे, सैन्य यांच्या आधी माझी नजर गेली ती त्यातल्या राजांवर. हे परीक्षणही मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिरॅक्सिस या अमेरिकी कंपनीचा हा खेळ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एका वस्तीपासून सुरुवात करून पाळीपाळीने शहरे वसवायची, शेती, विद्या, व्यापार आणि सैन्य वाढवत अवकाशयुगापर्यंत पोहोचायचे, असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक संस्कृतीला एक नेता असतो. आपण निवडलेला नेता आपल्याला सहसा दिसत नाही. समोर येतात ते इतरांचे नेते, कधी तह मागायला, कधी धमकी द्यायला. प्रत्येकाला त्याची म्हणून एक खास शक्ती दिलेली आहे आणि एक 'अजेंडा', म्हणजे कोणावर खूश व्हायचे आणि कोणावर नाराज, याचा नियम. याशिवाय दर डावात नव्याने ठरणारा एक छुपा अजेंडाही असतो, तो आपल्याला हेर, वकील आणि व्यापारी धाडून हुडकावा लागतो.

दिसण्याच्या बाबतीत मला फारशी तक्रार नाही. पाचव्या भागातले नेते हुबेहूब माणसांसारखे, भरजरी दालनांत बसलेले असत. सहाव्या भागात कलाकारांनी तो मार्ग सोडून अर्कचित्राचा मार्ग धरला आणि त्यावर अनेक जुने खेळाडू रुसले. मला मात्र हा निर्णय पटला, कारण तो चित्ररथाचाच निर्णय आहे. थिओडोर रूझवेल्टची मिशी आणि चष्मा, क्लिओपात्राची मान वेळावण्याची ढब, गांधीजींचे हडकुळे खांदे हे सगळे एका नजरेत ओळखू येते, आणि मागचा देखावा रंगवलेल्या पडद्यासारखा सपाट ठेवल्यामुळे नजर चेहऱ्यावरून हलत नाही. बहुतेक नेते आपापल्या भाषेत बोलतात. रोमचा ट्रेजन लॅटिनमध्ये बोलतो. त्याचा एक शब्द कळत नसला तरी तो आपल्याला तुच्छ लेखतो आहे हे स्वरावरून कळते. खेळाच्या पाट्या मात्र ना मराठीत आहेत ना कन्नडमध्ये, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवायचे तर भाषांतर करून सांगण्याची तयारी ठेवावी.

खरी परीक्षा वागण्याची असते. आमच्या मंडळात नवीन मुलाला भूमिका देताना मी सांगतो की जिरेटोप घातला म्हणून महाराज होत नाहीत, पाऊल कुठे आणि कधी टाकायचे ते कळले पाहिजे. हाच निकष लावला तर या खेळातल्या नेत्यांचे दोन गट पडतात. ज्यांचा नियम त्यांच्या एखाद्या कृतीतून काढला आहे ते नेते जिवंत वाटतात, आणि ज्यांचा नियम त्यांच्या नावलौकिकातून काढला आहे ते पाठ केलेले भाषण म्हणणाऱ्या मुलासारखे वाटतात.

पहिल्या गटातली क्लिओपात्रा पाहा. तिला बलाढ्य सैन्य असलेले शेजारी आवडतात आणि दुबळ्यांकडे ती ढुंकूनही पाहत नाही. वरवर हा स्वभावदोष वाटेल, पण जिने आधी सीझरशी आणि मग अँटनीशी संधान बांधून इजिप्तचे राज्य टिकवण्याचा प्रयत्न केला, तिचे राजकारण एका वाक्यात सांगायचे तर ते असेच सांगावे लागेल. स्पार्टाची गॉर्गो मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे संस्कृतीचे गुण, म्हणजे खेळातले पॉइंट, मिळवते, आणि ज्यांनी कधी युद्धच केले नाही त्यांना ती कमी लेखते. त्याच ग्रीसचा दुसरा नेता पेरिक्लीस नगरराज्यांना आपल्या पंखाखाली घेऊन संस्कृती वाढवतो. भूमी एक, नेते दोन, आणि दोन्ही डाव पूर्ण वेगळे. अथेन्स आणि स्पार्टा यांचे भांडण समजावून सांगायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. काँगोच्या राजाला धर्मस्थळ बांधताच येत नाही, पण जो त्याच्या राज्यात आपला धर्म आणतो त्याच्यावर तो प्रसन्न होतो. पोर्तुगिजांकडून आलेला ख्रिस्ती धर्म काँगोच्या राजघराण्याने कसा स्वीकारला ते या एका बंधनातून कळते.

भारताचा दुसरा नेता चंद्रगुप्त फेब्रुवारी २०१८ मध्ये 'राइज अँड फॉल' या पुरवणीतून, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडायच्या भागातून, आला, आणि माझ्या मते अख्ख्या खेळातल्या उत्तम नेत्यांपैकी तो एक आहे. त्याच्या शक्तीला 'अर्थशास्त्र' हेच नाव दिले आहे. लष्करी शिक्षणाचा टप्पा गाठला की तो राज्यविस्तारासाठी युद्ध पुकारू शकतो आणि पुकारल्यापासून दहा पाळ्या त्याचे सैन्य अधिक वेगाने चालते आणि अधिक जोराने लढते. अजेंडा त्याहून सुंदर आहे: ज्याची सीमा त्याच्या सीमेला भिडते तो त्याला खुपतो, आणि जो दूर असतो तो आवडतो. कौटिल्याचा मंडल सिद्धांत याहून थोडक्यात कोणी मांडलेला मी तरी पाहिला नाही. विजिगीषूचा, म्हणजे जिंकू पाहणाऱ्या राजाचा, लगतचा शेजारी तो अरि, म्हणजे शत्रू, आणि त्या शेजाऱ्यापलीकडचा तो मित्र, एवढाच तो विचार. या ग्रंथाची शतकानुशतके हरवलेली पोथी १९०५ मध्ये आर. शामशास्त्री यांना म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात सापडली आणि १९०९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. म्हैसूरच्या फडताळात सापडलेले सूत्र अमेरिकेत बनलेल्या खेळातून माझ्या भाचीपर्यंत पोहोचले. सीमेला लागून राहणे म्हणजे काय, हे बेळगावकराला वेगळे शिकवावे लागत नाही हा भाग निराळा.

गांधीजींच्या बाबतीत मात्र खेळ घसरला आहे. त्यांच्या शक्तीचे नाव 'सत्याग्रह'. आपला धर्म स्थापून जे देश युद्धात गुंतलेले नाहीत अशा प्रत्येक परिचित देशामागे गांधीजींना श्रद्धेचे गुण मिळतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्याची प्रजा युद्धाला दुप्पट वेगाने विटते. दुसरा भाग ठीक आहे, त्यात निदान सत्याग्रहाचा तर्क आहे. पण एकूण चित्र पोस्टाच्या तिकिटावरच्या गांधीजींचे आहे, शांत आणि सोज्वळ. त्यावर कडी म्हणजे छुप्या अजेंड्यात त्यांच्या वाट्याला अण्वस्त्रांची आवड येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त ठेवलेली आहे. भाची एकदा खेळता खेळता ओरडली, "मामा, हे काय ओ? मघापर्यंत शांतीचं बोलत होते, आता बाँब बनवायलेत!" यामागे एक जुनी दंतकथा आहे. १९९१ च्या पहिल्या भागात गांधीजींची आक्रमकता १ होती, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले आणि आकडा उणे होण्याऐवजी उलटा फिरून २५५ झाला, असे सांगतात. मूळ निर्माते सिड मायर यांनी २०२० मध्ये असे काही घडलेच नव्हते असे स्पष्ट केले, पण तोवर विनोद इतका रुजला होता की पुढच्या भागांत तो मुद्दाम पेरण्यात आला. विनोद म्हणून मी हसलो. नेता घडवण्याची रीत म्हणून ती मला आळशी वाटते.

असे म्हणण्याचे कारण टिळकवाडीत आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजींनी आयुष्यात अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था उभी केली, आणि आलेल्या लोकांना पाणी पुरावे म्हणून खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून उभी आहे. त्या अधिवेशनात असे ठरले की काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला २००० वार सूत द्यावे, स्वतः कातलेले किंवा दुसऱ्याकडून कातवून घेतलेले. सभासदत्वाची वर्गणी सुतात! खेळाच्या दृष्टीने पाहा, हा तयार नियम आहे: प्रत्येक शहराने दर पाळीला थोडे सूत काढायचे, ते जमले की त्या शहराची निष्ठा पक्की होते आणि शत्रूचा व्यापारी माल तिथे खपेनासा होतो, न जमले तर चळवळ तुटते आणि ती थांबवण्याचा निर्णय स्वतः नेत्यालाच घ्यावा लागतो. असा गांधी हिशेब ठेवणारा, माणसे बांधणारा आणि प्रसंगी सहकाऱ्यांना नकोसा वाटणारा झाला असता. विशेष म्हणजे खेळात भारताला खास बांधकाम म्हणून बारव दिलेली आहे, शेताला लागून बांधली की ती जास्त पिकवते आणि 'गॅदरिंग स्टॉर्म' या पुरवणीत दुष्काळातही अन्न तुटू देत नाही. विहीर त्यांना सुचली, पण त्या विहिरीशेजारचा माणूस सुचला नाही.

आपला माणूस दुसऱ्याने घडवला की काय होते याची उदाहरणे या मालिकेच्या इतिहासातच आहेत. पाचव्या भागाच्या वेळी अमेरिकेतल्या मूळ रहिवासी प्वेब्लो लोकांच्या पोपे या नेत्याला घेण्याचा विचार होता, पण त्यांच्या परिषदेने हरकत घेतल्यावर तो सोडून शोशोनी लोकांना घेतले गेले. सहाव्या भागात कॅनडातल्या क्री लोकांचा पाउंडमेकर आला तेव्हा त्याच्याच नावाच्या वस्तीतल्या प्रमुखाने २०१८ मध्ये आक्षेप घेतला की जमिनी बळकावत विस्तारणारा नेता ही त्यांच्या परंपरेची जीवनदृष्टीच नव्हे. हा आक्षेप चेहऱ्यावर किंवा पोशाखावर नव्हता, खेळाच्या मूळ नियमावरच होता, आणि तो मला बिनतोड वाटतो.

हे वाचून माझ्या मनात अर्थातच आपले महाराज आले. सहाव्या भागात मराठ्यांचा नेता नाही. सातव्या भागात, २०२५ मध्ये, झाशीची राणी आली आहे; मणिकर्णिका तांबे म्हणजे माहेरची मराठी मुलगी, एवढे समाधान. पण महाराज आले तर कसे यावेत, यावर आमच्या मंडळाच्या कट्ट्यावर एक रात्र खर्ची पडली. कोणी वाघनखांची शक्ती सुचवली, कोणी आग्र्याहून सुटण्याची. माझे म्हणणे वेगळे होते आणि आजही आहे. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले मिर्झाराजांना दिले आणि १२ राखले. १६७० मध्ये सिंहगडापासून सुरुवात करून गेलेले किल्ले परत घेण्याचा सपाटा लावला. तेव्हा नियम असा हवा: या नेत्याला शहर तहात सोडून देता यावे, सोडलेल्या शहरातल्या लोकांची निष्ठा त्याच्याकडेच राहावी, आणि ठरावीक पाळ्यांनंतर ते परत घेताना त्याला दुप्पट बळ मिळावे. माघार हीच ज्याची ताकद असा नेता या खेळात एकही नाही. मात्र अडचण इथेच सुरू होते. या खेळात हरलेला नेता पडद्यावर येऊन दोन शब्द बोलतो आणि निरोप घेतो. ते दृश्य आमच्या गल्लीत कोण सहन करील? आम्ही स्वतः इतक्या वर्षांत पुरंदरचा तह चित्ररथावर एकदाही आणलेला नाही. मी दोनदा सुचवला आणि दोन्ही वेळा अफजलखानच ठरला.

भाचीने मात्र कित्तूरच्या चन्नम्माराणीचा आग्रह धरला, तिचे माहेर काकती बेळगावहून हाकेच्या अंतरावर आहे म्हणून. तिचा नियम आम्ही पाच मिनिटांत ठरवला, कारण तो इतिहासात आयताच आहे: दत्तक वारस कंपनीने नाकारल्यावर १८२४ मध्ये ती लढली, तेव्हा वारसाचा प्रश्न आला की तिच्या शहरांची निष्ठा घटण्याऐवजी वाढली पाहिजे.

विकत घेणाऱ्यांसाठी शेवटचे थोडे. केवळ मूळ खेळ घेऊ नये, त्यात चंद्रगुप्त नाही आणि शहरांच्या निष्ठेची पद्धतही नाही; दोन्ही पुरवण्यांसह असलेला संच स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर सेल लागला की बऱ्याच सवलतीत मिळतो, तोवर थांबावे. नेत्यांची तीच ती वाक्ये पन्नासाव्या पाळीपासून कंटाळा आणतात, त्यांचे बोलणे बंद ठेवले तरी डावाचे काही बिघडत नाही. ग्राफिक कार्डाच्या नावाखाली गरजेपेक्षा महागडे यंत्र गळ्यात मारणारे दुकानदार आमच्या शहरातही आहेत, मी स्वतः एकाच्या हाती सापडलो होतो. घरातला साधारण संगणक मध्यम मांडणीवर हा खेळ नीट चालवतो. आणि पहिला डाव गॉर्गोने खेळावा, गांधीजींनी नव्हे.