घटस्फोटाच्या तडजोडीत फ्लॅटचं मूल्यांकन: सरकारमान्य व्हॅल्युअरची सेवा कितपत कामाची?

परस्पर संमतीच्या घटस्फोटात बोलणी हमखास अडतात ती फ्लॅटच्या किमतीवर. एजंटाचा तोंडी भाव किंवा वेबसाइटवरचा अंदाज समोरचा वकील सहज उडवून लावतो. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, मुद्रांक शुल्कासाठी आहे. मजला, देखभाल, सोसायटीची अवस्था यांचा खरा भाव त्यात उतरत नाही. व्हॅल्युअरचा रिपोर्ट या सगळ्यांपेक्षा उजवा, पण तो नीट मागवला तरच. दोघांनी वेगवेगळे आणले की वाद जागच्या जागी राहतो आणि फी दुप्पट जाते.

म्हणून दोघांच्या सहीचं एकच पत्र द्या. मूल्यांकनाची तारीख आणि 'तडजोडीसाठी वाजवी बाजारमूल्य' हा उद्देश त्यात स्पष्ट लिहा. बँकेच्या कर्जासाठीच्या रिपोर्टमध्ये जबरी विक्रीचीही (कर्ज थकल्यावर घाईत विकावं लागलं तर येणारी) किंमत दिलेली असते, ती मुद्दाम कमी धरलेली असते. वाटणीत तो आकडा अजिबात मान्य करू नका. व्हॅल्युअरची नोंदणी वेल्थ टॅक्स कायदा 1957 च्या कलम 34एबीखाली आहे, की आयबीबीआय या केंद्रीय दिवाळखोरी मंडळाकडे 'जमीन व इमारत' गटात, हे विचारून नोंदणी क्रमांक रिपोर्टवर घ्यायला लावा. करारनामा, सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि कर्जाच्या शिल्लक रकमेचं बँकेचं पत्र आधीच काढून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक होते क्षेत्रफळात. समजा कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) 650 चौरस फूट, बिल्टअप (भिंतींची जाडी वगैरे धरून) 780, आणि परिसरातला चौरस फुटाला 9,000 चा दर बिल्टअपवरचा आहे. किंमत 70 लाख 20 हजार. तोच दर कार्पेटला लावला की 58 लाख 50 हजार, म्हणजे 11 लाख 70 हजारांचा फरक, आणि रिपोर्टवर सही-शिक्का दोन्ही असतात! तेव्हा लेझर मीटरने मोजणी होताना दोघांपैकी कोणीतरी हजर राहा. परवानगीशिवाय बंद केलेली बाल्कनी कार्पेटमध्ये धरली आहे का, तेही तिथेच विचारा.

दुसरी तपासणी तुलनेच्या व्यवहारांची. त्याच सोसायटीतल्या किंवा शेजारच्या अलीकडच्या विक्रीच्या सूची क्रमांक 2 रिपोर्टला जोडलेल्या हव्यात. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे व्यवहारात ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने काढलेला आकडा. तुलना मोबदल्याशी करायची. नुसते 'स्थानिक चौकशीनुसार' एवढंच लिहिलेला रिपोर्ट परत पाठवा.

रिपोर्ट कोणाचा हिस्सा किती हे सांगत नाही. आपल्याकडे निम्मी वाटणी आपोआप होत नाही. करारात नाव कोणाचं, पैसे कोणी भरले, हप्ते कोणी फेडले यावर ते अवलंबून असतं. हिशेब मात्र बाजारमूल्यातून कर्जाची शिल्लक वजा करूनच सुरू करा.

फ्लॅट एकाच्या नावावर करायचा असेल तर वेळ सांभाळा. राहत्या घराचं पती-पत्नीतलं बक्षीसपत्र महाराष्ट्रात 200 रुपये मूळ मुद्रांक शुल्कात होतं, स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर ही सवलत मिळत नाही. बदल्यात पैसे ठरले असतील तर ते बक्षीस राहत नाही. आणि कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती नोंदणीच्या आधी हातात हवी.