मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग: फी भरण्याआधी नाकाजवळची फट तपासा

डोळ्यांवर पट्टी बांधलेलं मूल रंग ओळखतं, नोटेवरचा नंबर सांगतं, पुस्तकातली ओळ वाचतं. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली हे शिकवणारे वर्ग महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांत गेली अनेक वर्षं चालू आहेत. नावं वेगवेगळी असली तरी माल एकच असतो. म्हणून हे परीक्षण एका संस्थेचं नसून या सगळ्या प्रकारच्या सेवेचं आहे.

साधारण साचा असा. वय 5 ते 15, शनिवार-रविवारची कार्यशाळा, नंतर घरी रोजचा सराव. पैशांच्या बदल्यात एक आयमास्क, रंगीत कार्डं, ‘अल्फा’ किंवा तत्सम नावाचं संगीत आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. वर्गात थोडं नाचणं, थोडे श्वासाचे व्यायाम, थोडे स्मरणशक्तीचे खेळ असतात. या भागाबद्दल आमची तक्रार नाही, मुलांना त्यात मजा येते. पण एवढ्यासाठी हजारो रुपये कुणी मोजणार नाही. पैसे मोजले जातात ते पट्टी बांधून वाचण्यासाठी, आणि परीक्षा त्याचीच घ्यायला हवी.

आधी नावाबद्दल. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू; तो ‘झोपलेला’ असतो आणि आम्ही तो जागा करतो, असा या वर्गांचा दावा. मध्यमेंदू हा मेंदूच्या खोडाचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचं लहान-मोठं होणं, आवाजाच्या दिशेनं मान वळवणं ही त्याची कामं. त्याच्यातल्या काही पेशी नष्ट झाल्या की पार्किन्सनचा आजार होतो. हा भाग जन्मापासून चालूच असतो. तो ‘झोपलेला’ असता तर मूल कार्यशाळेपर्यंत चालत आलंच नसतं.

आता पट्टी. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती पालकांनी स्वतःवर करावी. वर्गात वापरतात तोच मास्क मागून घ्या, घट्ट बांधा, खुर्चीत ताठ बसा आणि डोळे उघडे ठेवून नजर नाकाच्या कडेनं सरळ खाली सोडा. नाकाचं हाड गालापेक्षा उंच असल्यामुळे नाकपुडी आणि गाल यांच्यामधल्या खळगीत कापड टेकतच नाही. तिथून उजेडाची एक फट दिसते. मांडीवर वर्तमानपत्र ठेवलं तर मथळा आरामात वाचता येतो. हनुवटी दोन बोटं वर केली की टेबलावरचं कार्डही टप्प्यात येतं. पट्टी बांधताना भुवया खाली ओढून धरल्या आणि नंतर वर उचलल्या तर कापड सरकून फट आणखी मोठी होते. जादूगारांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. काश्मीरचा खुदाबक्ष 1930 च्या दशकात डोळ्यांवर कणकेचे गोळे, कापूस आणि वर पट्ट्यांचे थर बांधून पाश्चात्त्य प्रेक्षकांसमोर वाचून दाखवायचा. त्या मानानं आयमास्क म्हणजे उघडं दारच.

मूल काय करतं ते मग नीट पाहा. कार्ड हातात घेतं, चोळतं, नाकाजवळ नेऊन हुंगतं, पोटाजवळ आणतं, उजेडाकडे तिरकं करतं, अधूनमधून मास्क सारखा करतं. शिक्षक याला ‘ऊर्जा घेणं’ म्हणतील. हुंगायला कार्ड जिथं धरलं जातं ती जागा नेमकी त्या फटीच्या खाली असते. तेच कार्ड कपाळासमोर किंवा डोक्यामागे धरलं की वाचन थांबतं.

ही गोष्ट जगाला नवी नाही. 1960 च्या दशकात सोव्हिएत संघातली रोझा कुलेशोवा बोटांनी वाचते अशी मोठी चर्चा झाली. अमेरिकी विज्ञानलेखक मार्टिन गार्डनर यांनी 1966 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहून हाच नाकाजवळचा रस्ता दाखवला. उपायही त्यांनीच सुचवला: पट्टी नको, खांद्यांवर टेकेल अशी ॲल्युमिनियमची पेटी डोक्यावर ठेवा.

घरी ॲल्युमिनियमच्या पेटीची गरज नाही, मिक्सर किंवा टीव्हीचा खोका पुरतो. तो डोक्यावर नको, मुलासमोर टेबलावर ठेवा, कार्ड त्याच्या आत. मुलाच्या बाजूला हात जाण्यापुरती दोन भोकं पाडा, पलीकडची बाजू पूर्ण उघडी ठेवा. मनगटाभोवती टॉवेल गुंडाळून भोकं बुजवा. आता डोळे बांधायची गरजच राहत नाही: मूल डोळे उघडे ठेवून, हात खोक्यात घालून बसतं. स्पर्श हवा असेल तर आहे, उजेड हवा असेल तर मागून येतो. फक्त नजर अडते. कार्डं एकाच जाडीच्या घोटीव कागदाची, एकाच मापाची कापा. मेणखडूनं रंगवलेली घेऊ नका, मेणाचा थर बोटांना कळतो. रंग पाच: लाल, पिवळा, निळा, हिरवा, काळा. नारिंगी नको, नाहीतर ‘लालच म्हणायचं होतं त्याला’ हा वाद सुरू होतो.

पुढचं कार्ड कोणतं हे मनानं ठरवू नका. माणूस एकच रंग लागोपाठ द्यायचं टाळतो आणि मुलं ते पटकन हेरतात. फासा टाका, 1 ते 5 ला एकेक रंग, 6 आला तर पुन्हा टाका. कार्ड ठेवणाऱ्यानं ते ठेवून पाठ फिरवावी. उत्तर लिहून घेणाऱ्याला कार्ड दिसता कामा नये. आई-वडिलांचा चेहरा, श्वास, ‘नीट बघ बाळा’ म्हणण्याचा सूर, यातूनही मुलांना उत्तर मिळतं.

असे 50 प्रयत्न घ्या, मधे खाऊसाठी थांबून. नुसत्या अंदाजानं सरासरी 10 बरोबर येतील. 7 आले काय, 13 आले काय, त्याला अर्थ नाही. 18 किंवा जास्त नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे; तेवढे आले तर खोका पुन्हा तपासून चाचणी परत घ्या. आणि वर्गात दहापैकी दहा सांगणारं मूल इथे 10 च्या आसपास घुटमळलं, तर वर्गात काय चालू होतं ते कळलं. मुलाला मात्र रागावू नका, ‘पकडलं’ असं तर मुळीच म्हणू नका. सगळे टाळ्या वाजवत असताना फटीतून दिसतंय हे कबूल करणं आठ वर्षांच्या पोराला शक्य नसतं. या सेवेवर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. फी गेल्याचं दुःख विसरता येतं, पण आई-बापांच्या कौतुकासाठी त्यांनाच फसवायची सवय मुलाला लागते.

जाहिरातीतले पालकांचे व्हिडिओ हा या वर्गांचा खरा आधार. ‘माझ्या डोळ्यांसमोर मुलीनं वाचलं.’ हे पालक खोटं बोलत नाहीत. मुलगी बोलली आणि शब्द बरोबर होते, एवढं त्यांनी खरंच पाहिलं. ती डोळ्यांशिवाय वाचत होती, हे मात्र त्यांनी पाहिलेलं नाही, मानलेलं आहे. पट्टी कुणी बांधली, पुस्तक कुठं धरलं होतं, चुकलेली उत्तरं किती, यातलं काहीही त्या व्हिडिओत नसतं. शिवाय बोलायला कोण पुढे येतं तेही पाहा. समजा तीस मुलं आहेत, कुणीही फटीतून पाहत नाही आणि प्रत्येकानं पाच रंगांतून दहा वेळा निव्वळ अंदाज केला. तरी तीन-चार मुलांची चार किंवा अधिक उत्तरं बरोबर येतील. व्हिडिओ त्यांचेच निघतात, उरलेल्या पालकांना ‘सराव कमी पडला’ असं सांगितलं जातं.

अनुभव आणि मोजणी यांतली दरी आपल्याकडे एकदा फार स्वच्छ दिसली आहे. ज्योतिष खरं ठरल्याचे अनुभव घरोघरी सापडतात. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 कुंडल्या जमवल्या, निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी यश 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50 आलं असतं.

‘एकाग्रता वाढली, मार्क वाढले’ हा दुसरा अनुभव. मार्क घसरले की पालक वर्ग शोधतात, आणि घसरलेले मार्क पुढच्या परीक्षेत बऱ्याचदा आपोआप थोडे वर येतात. रोज वीस मिनिटं आई जवळ बसून सराव घेते, त्याचाही परिणाम होणारच. ते श्रेय मध्यमेंदूला देण्याचं कारण नाही.

पट्टी बांधून सायकल किंवा स्कूटर चालवायची प्रात्यक्षिकं मुलांना अजिबात करू देऊ नका. फटीतून समोरची चार फूट जमीन दिसते, बाजूनं येणारं वाहन नाही.

फी भरायच्या आधी शिक्षकांना एवढंच विचारा: खोका आम्ही आणू, चाचणी तुमच्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यावर घेऊ, चालेल का? ‘अविश्वासानं शक्ती काम करत नाही’, ‘मूल थकलंय’, ‘खोक्यानं लहरी अडतात’ अशी उत्तरं आली तर उठून या. पैसे आधीच भरले असतील तर पावती, माहितीपत्रक आणि व्हॉट्सॲपवरचे दावे जपून ठेवा, परतावा लेखी मागा आणि मिळाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.