स्लेंग टेंग की दिवाली?

एकच वाद्यसाथ आणि तिच्यावर डझनभर गायकांची वेगवेगळी गाणी, ही जमैकाच्या डान्सहॉल या नाचत्या संगीतप्रकाराची रीत. त्या साथीला तिकडे ‘रिडिम’ म्हणतात. अशा एकाच रिडिमवरचा अख्खा संग्रह पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर सुरुवात कुठून करायची?

इतिहासाचा मान ‘स्लेंग टेंग’ या रिडिमचा. कॅसिओ एमटी-४० या खेळण्यासारख्या कीबोर्डमध्ये आधीच भरलेला ‘रॉक’ ठेका गायक वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांनी हेरला, निर्माता किंग जॅमीने त्याची लय संथ केली आणि १९८५ मध्ये किंग्स्टन हादरलं. बास वाजवणारा नाही, ड्रमवालाही नाही! पुढे डान्सहॉल झपाट्याने डिजिटल झाला. पण खरं सांगू? सलग ऐकताना पाचव्या गाण्यापर्यंत तो बास डोक्यात घण घालतो.

‘दिवाली’ ही रिडिम निर्माता स्टीव्हन ‘लेन्की’ मार्सडेनची, २००२ च्या सुमाराची. नाव ऐकून सनई-चौघड्याची वाट पाहू नका. इथे राज्य टाळ्यांचं. टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत प्रत्येक गायकाला आपली चाल मांडता येते. शॉन पॉल तिथे नाचायला उठवतो (त्याचं ‘गेट बिझी’ २००३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं), तर वेन वंडर त्याच ठेक्यावर हळवं प्रेमगीत गातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातात मी दिवालीच देईन.